बाण मारणाऱ्याचं नाव

सोलापूर,
१८ डिसेंबर १९७६

तीर्थस्वरूप दादास,

तात्याबाचा दंडवत. इकडं सगळं ठीक. वहिनीचा खोकला कमी झाला का? तुझं कार्ड येऊन आठ दिवस झाले. रोज उत्तर लिहायला बसतो अन् तसाच उठतो. लई शिणलोय. शाळेत दोन शिक्षक रजेवर, सातवीचा इतिहासही माझ्याच गळ्यात पडलाय.

सध्या तैमूरलंग, म्हणजे लंगडा तैमूर, चाललाय. समरकंदचा बादशहा. मुलखामागून मुलूख तुडवत दिल्लीवर आला अन् माणसांच्या मुंडक्यांचे ढीग रचून गेला. पुढं सव्वाशे वर्षांनी त्याच्याच वंशातला बाबर त्याच दिल्लीच्या गादीवर बसला. पण पोरांना ढीगच ऐकायचे असतात. मग एकानं विचारलं, "सर, तो लंगडा कसा झाला?" मी सांगितलं, कुणी म्हणतात लढाईत. त्याच्या दुष्मनांनी मात्र लिहून ठेवलंय, की तरुणपणी मेंढरं चोरताना मेंढपाळाचा बाण लागला. पस्तीस वर्षांमागं रशियन लोकांनी त्याचं थडगं उघडलं, तर उजवा पाय खरंच अधू निघाला. सगळा वर्ग हसला. "बरं झालं चोराचं!"

तेवढ्यात गुरम्मा नावाची पोर उठली. "सर, ज्यानं बाण मारला त्याचं नाव काय?"

"पुस्तकात नाही," मी म्हटलं. उरलेला तास पोरांना धडा मनात वाचायला लावला अन् खुर्चीत बसून राहिलो.

दादा, आता बास झालं. सांगून टाकतो. बहात्तरच्या दुष्काळात धुळाप्पा आपलं कोकरू खांद्यावर टाकून पळाला, तेव्हा आपण दोघांनी गोफणी फिरवल्या. त्याचा गुडघा फुटला, पाय कायमचा गेला. सगळे तुझंच नाव घेऊन म्हणाले, सिद्धनाथचा नेम! तूही तेच धरून बसलास, कारण माझा नेम कधी लागतच नव्हता. पण तुझा दगड बाभळीत गेला रे. मी डोळ्यांनी बघितलं. धुळाप्पाला लागला तो माझा. त्याच आठवड्यात माझ्या नोकरीचा हुकूम आला होता. पोलिसाला भ्यालो अन् गप्प बसलो.

चार वर्षं तू त्या माणसाचं रान नांगरतोस, त्याचं जळण वाहतोस. मी दर दिवाळीला येतो, जेवतो, नवी टोपी घालून परत येतो. लाज वाटते मला.

अन् आता त्याच्या घरात राबायला बाईमाणूस नाही म्हणून पोटच्या लेकीला, मायाक्काला, सून करून द्यायला निघालास! तेरा वर्षांची पोर, अन् त्याचं पोरगं तिच्या दुप्पट वयाचं. लग्नाची तारीखसुद्धा कार्डावर तिच्याच हातानं लिहून घेतलीस. तुला अक्षर येत नाही, घरात वाचणारी ती एकटी. म्हणजे हेही पत्र तीच तुला वाचून दाखवणार.

मायाक्का, पोरी, अडखळू नको. तुझ्या बापानं कुणाचंच काही वाईट केलेलं नाही. आता पुढचं मोठ्यानं वाच, आईलाही ऐकू दे. हे लग्न मोडा. पुढच्या रविवारी मी येतोय. आधी धुळाप्पाच्या दारात जाऊन त्याला सगळं सांगतो. त्याला फौजदाराकडं जायचं तर जाऊ दे. नोकरी राहो की जावो, ह्यापुढं त्याचं रान मी बघीन.

दादा, त्यानंतर मला घरात घ्यायचं की नाही, ते तू ठरव. मी उंबऱ्याबाहेर थांबीन.

धुळाप्पाचा पाय ज्यानं मोडला, तो
तात्याबा