कविता वर चढत नाही

रविवार, ३ मार्च. दुपार.

टक्, टक्, टकाटक्. मास्तरांची लाकडी पट्टी टेबलावर पडायची आणि आम्ही साठ पोरं एका दमात कविता म्हणायचो. आज जेवणानंतर डोळा लागला आणि तोच आवाज कानात आला. जाग आली तर स्वयंपाकघरात ही लसूण ठेचत होती. हरकत नाही. साठ तोंडं, एक कविता, आणि मधे कुणी अडकत नसे. अडकलाच, तर पट्टीचा पुढचा टक् टेबलावर पडत नसे.

आताच्या नेटवर्कला पट्टी कोण मारणार?

आज पुन्हा तेच झालं. दर रविवारी सकाळी मी लेकीकडे व्हिडिओ कॉल लावतो. नातीसाठी कविता रचली आहे. पोरगी एका जागी ठरत नाही म्हणून तिला आम्ही भिंगरी म्हणतो, आणि कवितेचं नावही 'भिंगरीस'. बावीस कडवी. पहिलं नीट पोचतं:

दूर कुठेशी फिरे भिंगरी,
आठव येतो इथे अंतरी.

एवढं झालं की चित्र गोठतं. भिंगरीचं तोंड अर्धं उघडं, लेकीचा हात हवेत, जावईबापू चहाचा कप ओठांना लावून. मी "हॅलो, हॅलो" करतो आणि कॉल तुटतो. दुसरं कडवं अजून कोणाच्याही कानावर पडलेलं नाही. आणि खरी कविता तर तिथून सुरू होते.

निश्चय: या महिन्याच्या एकतीस तारखेला भिंगरी दहा वर्षांची होते. त्याच्या आत बावीसच्या बावीस कडवी तिला ऐकवायची. दागिने काय, कपडे काय, कुणीही देतं.

सोमवार, ४ मार्च.

कारण सापडलं. मी उगाच नाही पाणीपुरवठा कार्यालयात जन्म काढला. खालच्या मजल्यावर धो धो पाणी आणि वरच्या मजल्यावर नळ फुसफुसतो, असं का होतं? दाब कमी, पाइप बारीक. लेक राहते चौथ्या मजल्यावर. कविता वर चढत नाही. इतकं सोपं आहे, आणि मोबाइल कंपनीत एवढे शिकलेले लोक बसलेत.

हिला समजावून सांगितलं. ही म्हणाली, माझा फोन तुमच्यापेक्षा जुना, नेटवर्क तेच, आणि मी लेकीशी रोज तासभर बोलते, एकदाही अडकत नाही.

अडकणार नाहीच. हिचं बोलणं हलकं. भाजी काय केली, खोकला गेला का. बारीक पाइपातूनही जातं. कविता जड असते. तिच्यात उपमा आहेत.

निश्चय: फाइव्ह जी घ्यायचं. जाहिरातीत दहापट वेग लिहिलाय. बाविसाला दहाने भागलं तर दोन कडवी आणि काही. त्यातलं निम्मं तर आताही जातंच आहे.

बुधवार, ६ मार्च. संध्याकाळ.

घेतला. किंमत इथे लिहीत नाही. माझी रोजनिशी ही चाळते असा संशय आहे.

दुकानातली मुलगी चुणचुणीत, पण तिला विक्रीचं अंग नाही. तिने आधी विचारलं, आजोबा, तुम्ही फोनवर करता काय? गेम खेळता? सिनेमे उतरवता? मी म्हटलं, कविता. तिने समोरचे फोन बाजूला सारले. मग म्हणाली, "आजोबा, कवितेला टू जीसुद्धा पुरतं."

मी तिला दाबाचा सिद्धांत सांगितला. तिने तो ऐकून घेतला आणि बिल करायला घेतलं. पटला असणार.

शुक्रवार, ८ मार्च.

फाइव्ह जीचे फायदे टिपून ठेवतो. एक सिनेमा उतरवून पाहिला. चष्मा पुसेपर्यंत उतरला. बघायला मात्र पूर्वीइतकाच वेळ लागतो, ही गोष्ट कंपनीने सांगितली नव्हती. मध्यंतराआधी झोपलो.

फोन गरम होतो. सकाळच्या गारठ्यात हाताला बरं वाटतं. हाही फायदाच.

बॅटरी दुपारी मान टाकते. दुपारी मीही टाकतो. जोडी जमली.

एकच किरकोळ अडचण. फाइव्ह जी आमच्या घरात सगळीकडे येत नाही. फक्त मागच्या बाल्कनीत, कपड्यांच्या दोरीपाशी, स्टुलावर उभं राहिलं तर येतं. ही म्हणाली, घरात पंखा, खुर्ची सगळं असताना स्टुलावर चढून बोलायचं यात पुढे जाणं कुठे आलं? मी म्हटलं, टाकी नेहमी उंचावरच असते.

रविवार, १० मार्च.

स्टुलावरून कॉल. माझ्या डाव्या कानाशी ओला टॉवेल, उजव्या कानाशी हिचा गाऊन. पण चित्र! असं चित्र मी जन्मात पाहिलं नव्हतं. भिंगरीच्या गालावरचा शाईचा डाग दिसला. जावईबापूंच्या मिशीतला बिस्किटाचा कण दिसला. भिंगरी काहीतरी सांगत होती, शाळेत नाटक बसवतायत आणि तिला त्यात काहीतरी केलंय. मी म्हटलं, ते नंतर, आधी कविता, वेग आहे तोवर.

पहिलं कडवं दिमाखात गेलं.

आणि चित्र गोठलं.

पण आता एक नवीनच प्रकार. चित्र इतकं स्पष्ट की मागचा पंखा फिरताना दिसत होता. पडदा हलत होता. त्यांचं मांजर पंजा चाटत होतं. फक्त माणसं गोठलेली. मी बराच वेळ बघत राहिलो. मग जावईबापूंचा कप किंचित थरथरला, आणि कॉल तुटला.

मंगळवार, १२ मार्च.

दोन दिवस विचार केला. उलगडा झाला. पंख्याला स्वतःची मोटर आहे. ज्या इमारतीत पंप बसवलेला असतो तिथे पाणी वर चढतंच. पडद्याला पंख्याचा वारा, म्हणजे तोही त्याच पंपावर. भिंगरीला मोटर नाही. म्हणून ती मागे राहते.

मांजराचं काही जुळत नाही. पण प्रत्येक सिद्धांतात एखादं मांजर असायचंच.

हिला सांगितलं. ही तोंडाला पदर लावून आत गेली. भावना अनावर झाल्या असाव्यात.

शुक्रवार, १५ मार्च.

दुकानात जाऊन तक्रार केली: तुमच्या फाइव्ह जीतून पंखे येतात, नातवंडं येत नाहीत. मुलीने फोन घेतला, दोन-तीन ठिकाणी टिचक्या मारल्या आणि म्हणाली, वेग उत्तम आहे. मग हळूच विचारलं, कडवी किती आहेत? बावीस म्हटलं. तिने फोन माझ्या हातात परत दिला आणि म्हणाली, याला सेटिंग नाही, आजोबा.

घरी येताना वाटेत म्हटलं, एवढ्या मोठ्या दुकानात एकही जाणकार माणूस नसावा!

निश्चय: रविवारी मधे अजिबात थांबायचं नाही. चित्र गोठलं तरी म्हणत राहायचं. पाइपात पाणी सोडत राहिलं की कधी ना कधी पोचतंच.

रविवार, १७ मार्च.

आज जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो.

पहिलं कडवं. गोठलं. मी थांबलो नाही. दुसऱ्यासाठी श्वास घेतला, आणि तेवढ्यात गोठलेल्या भिंगरीला शिंक आली.

चांगली खणखणीत शिंक. मागचं मांजर पळालं. जावईबापू मात्र तसेच, कपासकट.

मी घाबरलो नाही. नळ सुरू झाला की आधी हवा येते, फुस्स करून, मग पाणी. शिंक म्हणजे हवाच. आता कविता जाणार अशी खूण होती ती. पण सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं, "जप गं, बाळा."

आणि गोठलेलं चित्र म्हणालं, "थँक यू, आजोबा."

मग तिचे डोळे मोठे झाले. मग ती पुन्हा गोठली.

मी कॉल बंद केला. स्टुलावरून उतरायला आज जरा वेळ लागला.

सोमवार, १८ मार्च.

हवेचा सिद्धांत शिंकेपर्यंत बसतो. थँक यूला बसत नाही.

संध्याकाळी ही कपड्यांच्या घड्या घालत होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, तुला काही माहीत आहे का? हिने माझ्या बनियनची घडी नको इतकी नीट घातली. म्हणाली, त्यांना तुमचं मन मोडवत नाही. कोण पहिल्यांदा गोठलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण जावयांना त्याची सवय झालीय, परवा ऑफिसच्या मीटिंगमध्येही गोठले. मग म्हणाली, "अहो, पोर शाळेतल्या नाटकाबद्दल तीन रविवार सांगायला बघतेय. तुम्ही एकदा तरी विचारलंत का?"

विचारणार होतो. कविता संपली की विचारणारच होतो.

तसं पाहिलं तर हिला तंत्रज्ञानातलं फारसं कळत नाही.

रविवार, २४ मार्च.

आज कॉल केला नाही. नेटवर्कला विश्रांती दिली. एवढ्या वेगाने धावल्यावर त्यालाही हवी.

फोन खोक्यात घालून कपाटात ठेवला. खोकं फार सुंदर आहे. इतक्या सुंदर खोक्यातून तो बाहेर काढायलाच नको होता.

दुपारी स्वयंपाकघरात हिचा जुना फोन वाजला. पलीकडून भिंगरीचा आवाज इथपर्यंत ऐकू येत होता. आजोबा कुठे आहेत, म्हणून विचारत होती. ही म्हणाली, "बंद पडलेत."

मी मोठ्याने खोकलो. चालू आहे एवढं कळावं म्हणून. पण बोलायला गेलो नाही. आम्हा साठ जणांतला अडकलेला कुणी आपणहून पट्टीपुढे जात नसे.

गुरुवार, २८ मार्च.

निश्चय: कविता लहान करायची. अकरा कडवी खोडायची. पेन्सिल घेऊन बसलो. नववं खोडवेना, त्यात चंद्र आहे. चौदावं खोडवेना, त्यात चंद्र परत येतो. संध्याकाळी मोजली तर चोवीस झाली होती. विरहाची दोन नवीन उतरली. विरह आहे तर उतरणारच.

एकतीस तारखेला फोन करायचा नाही, शुभेच्छा पोस्टाने पाठवायच्या, असं ठरवलं. मग लक्षात आलं की पोस्टाने त्या आता वाढदिवसानंतरच पोचतील. पोस्टाची हीच संथ गती एकेकाळी मला आवडायची.

रविवार, ३१ मार्च. दुपारी लिहितो आहे. हात अजून थोडा अवघडलेला आहे.

सकाळी कपाटासमोर तीनदा जाऊन आलो. खोकं तसंच. मनात म्हटलं, वाढदिवस आहे, कविता राहू दे, नुसतं 'शुभेच्छा' म्हणावं आणि नाटकाचं विचारावं. दोन वाक्यं. हलकी. हिच्या फोनवरूनही जातील. मग म्हटलं, कुठल्या तोंडाने? आपलं तोंड पलीकडे किती दिवस अर्धवट उघडं धरून ठेवलं होतं पोरीने.

स्वयंपाकघरात कुकर दुसऱ्यांदा लावला गेला. दोन माणसांना एवढं कशाला, असं विचारणार, तोच बेल वाजली. रविवारी सकाळी म्हणजे पेपरवाला, महिन्याच्या बिलाला. सुटे पैसे घेऊन दार उघडलं.

दारात भिंगरी. पाठीला दप्तर, केस विस्कटलेले, प्रवासात झोपल्याच्या खुणा गालावर. लेक अजून जिन्याच्या खालच्या वळणावर बॅग ओढत होती.

"आजोबा, तुम्ही बंद का पडलात?"

मी म्हटलं, नेटवर्क. ती म्हणाली, आई म्हणते, तुम्हाला सगळं कळलंय. जिन्यावर बॅगेचा आवाज एकदम थांबला. लेक तिथेच चपलेचा पट्टा नीट करायला लागली. तो मोडलेला नव्हता.

मी नाटकाबद्दल विचारलं. भिंगरी म्हणाली, नाटकात ती पुतळा झाली होती. अख्खा वेळ हलायचं नाही. बाकीच्यांना जमेना, तिला पहिल्याच दिवशी जमलं. बाईंनी विचारलं, एवढा सराव कुठे केलास?

मी मुठीतले सुटे पैसे मोजले.

मग तिने एक बोट वर केलं. "दुसरं कडवं म्हणा. पण एकच."

सुटे पैसे मुठीत, पायात एकच सपात, अशा अवस्थेत म्हटलं:

काचेमध्ये हसू सांडते,
हात लावता काच लागते.

ती विचारात पडली. मग तेच बोट पुढे करून तिने माझ्या नाकाच्या शेंड्यावर टेकवलं, दाबून पाहिलं आणि म्हणाली, "नाही लागत."

इतकी दाद माझ्या कवितेला कधी मिळाली नव्हती. ऊर भरून आला. त्या भरात तिसरं सुरू केलं.

भिंगरी गोठली. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर, बोट हवेत, तोंड अर्धं उघडं. मी मागे पाहिलं. पंखा फिरत होता. फोन कपाटात, खोक्यात, बंद. दोष द्यायला घरात एकही कंपनी नव्हती.

तेव्हा मीही गोठलो. तिसऱ्या कडव्याचा हात वर, तोंड उघडं, डोळे तिच्यावर. तिची पापणी हलली. माझी हलू दिली नाही. बघू म्हटलं, कोण पुतळा.

ही पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"दोघांचीही रेंज गेली वाटतं," ही म्हणाली. "पाणी इथे ठेवते. आली की प्या."