पाशामियाँचा घोडा आणि माझे इतवाऱ्यातले घर

मी उमाबाई, कै. मन्मथप्पा सलोत्री यांची बायको, वय अंदाजे अठ्ठावन्न, राहणार इतवारा, नांदेड, कोणाच्याही दाबाखाली नसताना हा कागद स्वतःच्या हाताने लिहिते. माझी अक्कल ठिकाणावर आहे. एका गोष्टीत मात्र ती सहा वर्षे ठिकाणावर नाही. ती गोष्ट चौथ्या कलमात लिहिली आहे. मालकांचे नाव मी तोंडाने कधी घेतले नाही, कागदाला लागते म्हणून लिहिले. अदालतीला उर्दू लागते, तर तर्जुमा खुशाल करावा, पण माझे काही गाळू नये.

१. मालक बलदियेच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, कोंडवाड्यावर सलोत्री, म्हणजे जनावरांचे डॉक्टर, होते. मोकाट सापडलेले, लंगडे, गाडीखाली आलेले, सगळे त्यांच्यापुढे यायचे. त्यांची हत्यारे, म्हणजे पोट फुगलेल्या बैलाची नळी, टाक्यांच्या सुया आणि खूर तासायची सुरी, कोंडवाड्याला द्यावीत. तिथले पहारेकरी खाजा यांच्या हातात द्यावीत. ते वापरतात. साहेब लोकांकडे दिली तर कपाटात गंजतील.

२. दीर शिवप्पा, राहणार लातूर, यांना मालकांची सायकल. ती त्यांनी दिवसकार्य झाल्याबरोबर नेलीच आहे. आता ती रीतसर त्यांची झाली, एवढेच.

३. घराच्या मागच्या दोन खोल्या आणि माझे हातातले चांदीचे गोठ शिवप्पांची मुलगी प्रेमला हिला. तिच्या बापाला नाही.

४. घराची पुढची बाजू, म्हणजे रस्त्यावरचा गोठा आणि त्यापुढची मोकळी जागा, पाशामियाँ टांगेवाले यांना. याचे कारण सांगते.

सहा वर्षांपूर्वी त्यांचा घोडा मोकाट फिरताना सापडून कोंडवाड्यात आला. मालकांनी तपासला आणि त्याच दिवशी, पाशामियाँ सोडवायला पोचायच्या आत, गोळी घालून चुन्यात पुरून टाकला. पाशामियाँ फाटकाशी बसून रडले. त्यांचा टांगा तेव्हापासून उभा आहे. ते स्टेशनावर ओझी उचलतात. पुढे दोन महिन्यांनी मालकांच्या हातावर फोड आले, ताप चढला आणि ते गेले. दवाखान्यात विषमज्वर म्हणाले.

मला तेव्हा अक्षर येत नव्हते. आधी औषधांच्या बाटल्यांवरची नावे लावली, मग मालकांचे जनावरांच्या रोगांचे पुस्तक वाचायला घेतले. त्याला दोन वर्षे लागली. पुस्तकात दोन रोग शेजारी शेजारी आहेत. एक नाकाचा. त्यात बहुधा एकच नाकपुडी वाहते, जबड्याखाली गाठ येते पण फुटत नाही, घोडा वाचत नाही, माणसालाही लागण होते, म्हणून गोळी घालायची. दुसरा गळ्याचा. त्यात दोन्ही नाकपुड्या वाहतात, जबड्याखाली गाठ येते, ती फुटली की घोडा बरा होतो. मालकांच्या वहीत इतकेच आहे: "नाक वाहते. जबड्याखाली गाठ. गोळी."

एक नाकपुडी की दोन्ही, ते लिहिले नाही.

लातूरच्या सलोत्र्याला विचारायला मी मुद्दाम गेले. ते म्हणाले, जनावर पाहिल्याशिवाय काय सांगू? मालक बरोबर असतील, तर त्या घोड्यानेच त्यांना नेले. चुकले असतील, तर त्यांनी एका गरिबाचे बरे होणारे जनावर मारले. यातले कोणते खरे निघावे असे मला वाटते, हेही मला कळत नाही. सकाळी एक वाटते, भाकरी थापताना दुसरे.

शिवप्पांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "वैनी, आता मेलेल्या घोड्याचा बी वाटा काढून राहिल्या का?" हो, काढते.

काल पाशामियाँना बोलावून हे कलम वाचून दाखवले. ते म्हणाले, "बाई, घोडा बीमारच होता. मला ठाऊक होतं. आठ दिवस लपवला, मग नदीकाठी मीच सोडून आलो. सलोत्रीसाब बरोबर होते. त्यांच्या हाताला लागलं ते माझ्यामुळं. मला ही जागा नको."

मी हे सहा वर्षांत कधी ऐकले नव्हते. सोडून दिलेल्या घोड्यासाठी माणूस फाटकाशी बसून रडतो का? रडतही असेल. म्हणून विचारले, "एक नाकपुडी वाहत होती की दोन्ही?"

ते माझ्या मांडीवरच्या पुस्तकाकडे बघत राहिले. म्हणाले, "तुमच्या किताबात जसं लिहिलं असंल, तसं."

त्यांनी स्वतःचा गुन्हा कबूल केला की मालकांची चूक आपल्या अंगावर घेतली, मला सांगता येत नाही. मी पुढे विचारले नाही. पुस्तक मिटले. चौथे कलम आहे तसेच राहील. त्यांनी नको म्हटले तरी गोठ्याला कुलूप घालू नये.

वाचून, समजून सही केली. जे समजले नाही तेही वर लिहिले आहे.

सही: उमाबाई

साक्षीदार:
चन्नबसप्पा, किराणा दुकानदार, शेजारी (सही)
खाजा, पहारेकरी, कोंडवाडा (अंगठा)

पाशामियाँ हजर होते. जागा त्यांना असल्यामुळे त्यांची साक्ष घेतली नाही.

मुक्काम नांदेड, चैत्र शुद्ध पंचमी, शके १८६७, सन १३५४ फसली.