निळ्या पट्ट्यातलं घर

३ फेब्रुवारी १९९७

नकाशा झाला एकदाचा! समुद्र एक मीटर वर आला तर नवी मुंबईत पाणी कुठवर शिरेल – माझं पहिलंवहिलं काम. जमिनीच्या उंचीच्या रेषा कॉम्प्युटरमध्ये उतरवताना बोटं आखडली. खाडीकाठचा सखल पट्टा निळा केला. माझ्या गाईड सुनीती मॅडम चष्मा वर सरकवून म्हणाल्या, "छान. आता स्वतःवर संशय घे. जागेवर जाऊन मोजून ये."

४ फेब्रुवारी

आज नकाशात सहज ऐरोली बघितली. बाबांनी तळमजल्यावर घर बुक केलंय ती बिल्डिंग निळ्यात आहे.

घरी बोलले नाही.

८ फेब्रुवारी

बाबा रिटायर होतायत. जूनच्या आत कंपनीचं क्वार्टर सोडायचं. साताऱ्याहून आले तेव्हापासून कारखान्याच्या भोंग्यावर उठलेला माणूस. स्वतःचं दार असं कधी नव्हतंच. आई आत्तापासून देव्हाऱ्याची भिंत ठरवतेय. "सकाळचं ऊन थेट आत येतं गं!" मी नुसतं हं हं केलं.

१३ फेब्रुवारी

लॅबमधल्या आशुतोषला घेऊन ऐरोलीला गेले. त्याने जमिनीची उंची मोजायची दुर्बीण लावली, मी समोर उभी मोजपट्टी धरून. नकाशा जुना आहे, मधल्या काळात भराव पडला असेल – माझं उत्तर चुकू दे, असं पहिल्यांदाच मनापासून वाटलं.

भराव आहे. पुरेसा नाही.

आशुतोषने हिशेब पुन्हा केला. "सेमच येतंय गं." परतताना उसाचा रस पाजला, काही विचारलं नाही. बरं वाटलं.

१४ फेब्रुवारी

मॅडमना सगळं सांगितलं. "हे भाकीत नाही, जर-तर आहे," त्या म्हणाल्या. "पण घरी सांग. घरच्यांना सांगता येत नसेल तर अहवाल कुणासाठी लिहितोय आपण?"

१६ फेब्रुवारी, रविवार

सांगितलं. जेवणं झाल्यावर नकाशा जमिनीवर पसरला. बाबांनी बिल्डिंगवर बोट ठेवलं.

"हे कधी व्हायचं म्हंतीस?"

"शंभर वर्षांनी. कदाचित आधी. आणि त्याच्याही आधी उधाणाचं पाणी तळमजल्यात येईल."

"माझ्या हयातीत?"

"बहुतेक नाही."

"मग झालं तर!" – आणि हसले. मी भडकलेच! "घर काय फक्त तुमच्या हयातीपुरतं असतं का, बाबा?"

हसायचे थांबले. आई उगीचच भांडी आवरत बसली. बाबा म्हणाले, "नकाशा राहू दे माझ्याकडं."

उगाच ओरडले. पण खोटं काय बोलले?

२५ फेब्रुवारी

बाबा नकाशा गुंडाळून बिल्डरकडे गेले होते. तो म्हणे आधी हसला – "काका, समुद्राला कुणी पत्ता दिला का इथला?" – पण तळमजल्याऐवजी चौथा मजला दिला. हा बाबांचा उपाय! लिफ्ट नाही. आईचे गुडघे दुखतात. तिने देव्हाऱ्याची भिंत नव्याने ठरवायला घेतली.

१० एप्रिल

अहवाल गेला. मॅडमनी मुखपृष्ठावर माझंही नाव घातलंय.

२९ मे

आज चावी मिळाली. बिल्डरच्या ऑफिसात सही करायला बाबांनी पेन माझ्या हातात दिलं. मालक म्हणून नाव माझं – एकटीचं.

"पाणी आलंच," बाबा म्हणाले, "तर तुला आधी कळंल."