दोन अक्षरांमधली जागा

अक्का, गेल्या रविवारी मी मकळीदुर्गावर चढले. तो डोंगर तुला आठवत असेल. दोड्डबळ्ळापूरच्या पुढे रेल्वे त्याच्या पायथ्याने जाते, आणि हिंदूपूरला मावशीकडे निघालो की तू खिडकीतून बोट दाखवून म्हणायचीस, "एवढ्या वर शंकराला पाणी कोण घालत असेल!" घालतात, मी पाहून आले. मी मात्र देवासाठी गेले नव्हते. माझ्या पाठीवर अण्णांच्या जेवणाच्या डब्याएवढा रेडिओ होता, एक बॅटरी, एक लांब तार आणि ती तार उंच धरायला घडीचा दांडा. माथ्यावर बसायचं, मोर्समध्ये हाक मारायची आणि निदान चार जणांकडून उत्तर मिळवायचं. चार मिळाले तर ते शिखर आपल्या नावावर लागतं. तीन मिळाले तर नुसता व्यायाम. निवृत्त झाल्यापासून मी महिन्याला दोन डोंगर करते. गुडघे ठीक आहेत. सगळ्यांची अक्का असलीस तरी माझी आई आहेस, तेच आधी विचारशील म्हणून सांगून टाकलं.

तुझं स्वयंपाकघर आणि अण्णांची रेडिओची खोली यांच्यात एकच भिंत होती. अण्णा कामावरून येऊन रेडिओ लावायचे आणि भिंतीपलीकडून तो किणकिणाट सुरू व्हायचा. "आले तुमचे रातकिडे," म्हणून तू कुकर चढवायचीस. त्या रातकिड्यांचं बोलणं तुला कळतं हे आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मग तो एप्रिलमधला रविवार. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, गच्चीवर संडगे वाळत घातलेत, आभाळ स्वच्छ आहे, आणि तू एकदम पदराला हात पुसत जिन्याकडे धावतेस. "चला, उचला आधी! पाऊस येतोय." मी म्हणते, "कुठाय पाऊस?" "तुमकूरला सुरू झालाय. तासाभरात इथं." "तुला कोण म्हणालं?" "अण्णांचा तो तुमकूरचा माणूस. आत्ताच नाही का म्हणाला?" अण्णा हातात पेन्सिल तशीच धरून खोलीतून बाहेर आले. "तू ऐकलंस ते?" "रोज भिंतीतून येतं, न ऐकून जाऊ कुठं? आर, ए, आय, एन. तेवढं इंग्रजी येतं मला." संडगे वाचले. अण्णा संध्याकाळपर्यंत तुझ्याकडे नव्याने ओळख झाल्यासारखे बघत होते.

हौशी रेडिओचा सरकारी परवाना नसलेल्या माणसाने हवेत एक टिंबही पाठवायचं नाही, हा नियम अण्णा सोवळ्यासारखा पाळायचे. म्हणून त्यांनी तुझ्यासाठी युक्ती केली. अँटेनाची तार काढली आणि तिच्या जागी चाळीस वॅटचा बल्ब लावला. जे हवेत जायचं ते दिव्यात जिरायचं. दुपारची भांडी झाली की तू त्या खोलीत जाऊन बसायचीस, आणि लोणच्याच्या बरणीशेजारी, खिडकीत ठेवलेला तो बल्ब लागायचा, विझायचा, लागायचा. एकदा मी दारातून विचारलं, "काय पाठवतेयस?" "बाजाराची यादी." "कुणाला?" "बल्बला," तू म्हणालीस, आणि वर न बघता कोथिंबीर पुरी केलीस.

मला परवाना मिळाला तेव्हा मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते. त्यानंतर दोनच महिन्यांनी तू अण्णांना म्हणालीस की तुलाही परीक्षेला बसायचंय. अण्णांना आनंदच झाला, पण त्यांनी तुझी तयारी पाहायचं काम माझ्यावर सोपवलं. "मी तपासलं तर लोक म्हणतील, नवऱ्यानं पास केली. ही कडक आहे, ही बघेल." मी कडक होतेच. पुढे पीण्या औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्याच्या तपासणी खात्यात तीस वर्षं काढली, आणि माझ्या मापाच्या गेजातून जे गेलं नाही ते मालकाच्या मेव्हण्याचं असलं तरी परत पाठवलं. त्या दिवशी मी वही घेऊन तुझ्यासमोर बसले. तू पाठवत होतीस, मी उतरवत होते. एक पान झाल्यावर मी पेन्सिल ठेवली. "दोन अक्षरांमध्ये किती जागा सोडतेस! तेवढ्यात मी चहा पिऊन येईन. परीक्षक तुझ्यासाठी थांबणार आहे का?" तू म्हणालीस, "ऐकणाऱ्याला स्वल्प दम नको का घ्यायला?" "नको. ही काही मंगळागौर नाही." मग तू "सरी, बरं" म्हणालीस, उठलीस आणि कणीक मळायला घेतलीस. अण्णांना मी सांगितलं, अजून तयारी नाही. तू पुन्हा विषय काढला नाहीस. तिसऱ्या वर्षी तू गेलीस. बल्ब अजून माझ्या कपाटात आहे.

तर रविवार. माझ्याबरोबर सर्जापूर रोडवर राहणारी पुण्याची एक मुलगी असते. मुलगी म्हणजे पस्तिशीची, आयटीतली, दोन लेकरांची आई. परवाना नवा आहे, उत्साह जुना आहे. दुपारी बारापर्यंत आम्हाला तिघं मिळाले. मग कुणीच नाही. ऊन खडकातून वर यायला लागलं, बॅटरी उतरत होती. तेवढ्यात कारवारहून एक स्टेशन लागलं, अगदी क्षीण, लाटेसारखं वर येणारं आणि बुडणारं. मी माझ्या नेहमीच्या वेगाने माझा कॉलसाइन, म्हणजे हवेतलं नाव, पाठवून उत्तर दिलं. तो म्हणाला, पुन्हा. मी पुन्हा पाठवलं. तो म्हणाला, सावकाश, पुन्हा. असं पाच वेळा. "काकू, अर्धा कॉलसाइन आलाय की त्याला," मुलगी म्हणाली. "उरलेला गेस करेल तो. आपण लिहून टाकू, कोण बघतंय?" "अर्धं ऐकलेलं धरायचं नसतं." "अहो, पण बॅटरी जाईल!" "जाऊ दे." असं म्हणाले खरी, पण चार तासांची चढण-उतरण फुकट जाणार हे दिसत होतं, आणि माझा हात रागाने आणखी जलद चालला होता.

मग मी थांबले. पाणी प्यायले. आणि का कोण जाणे, तुझ्यासारखं पाठवायला लागले. अक्षर नीट, गोल, आणि मग जागा. पुढचं अक्षर, आणि जागा. आवाज बुडाला तर त्या जागेत बुडायचा, अक्षर बचावायचं. ऐकणाऱ्याला स्वल्प दम. मग तिकडून माझा कॉलसाइन पुरता, न चुकता परत आला, आणि शेवटी निरोप घेताना त्याने जोडलं: हात सुरेख आहे. "काकू! फोर झाले!" मुलगी खडकावर नाचायला लागली. "बस खाली, पडशील," मी म्हणाले. वही मिटताना तिने विचारलं, "असं पाठवायला कुठे शिकलात?" "स्वयंपाकघरात," मी सांगितलं. तिला वाटलं मी चिडले आहे. मी चिडले नव्हते. उतरताना सगळी वाट मी खुशीत होते, इतकी की तिने दोनदा वळून पाहिलं.

आज दुपारी तुझा बल्ब काढून पुसला. माझ्या पाच वॅटच्या रेडिओला तो पेटत नाही, म्हणून स्कूटरच्या दिव्याचा छोटा बल्ब आणून लावला. तो लागतो. हे पत्र इथं लिहिण्याआधी त्यातला बराचसा भाग मी त्याला पाठवला आहे, तुझ्या वेगाने, त्यामुळे दुपार गेली. आता कागद वहीतच राहील. त्याच वहीत ते जुनं पानही आहे, तुझ्या परीक्षेचं. अण्णांनी मागितलं होतं, मी हरवलं म्हणाले. त्या पानावर एकही अक्षर चुकलेलं नाही, अक्का. घरात रेडिओवर बसणारी बाई मी एकटीच होते, आणि मला ते फार आवडत होतं.