आर्मरेस्टच्या आतला थर

३ फेब्रुवारी, मंगळवार

माझ्या हातांनी केलेलं, आठवेल तसं— बसच्या सीटा, मोजणं सोडलं तेव्हा अठराशे झाल्या होत्या. घरातलं जेवणाचं टेबल, खिळा एकही नाही. मुलीचा पाळणा. तो आता मेहुण्याच्या माळ्यावर आहे, आत रद्दी. छोट्या विमानातलं दुमडणारं टेबल, बिजागरी स्वतः कानशीने घासून बसवली. एका शेटजींच्या विमानातला पलंग, दिवसा त्याच्या दोन खुर्च्या होतात. आणि आता ही चौदा आसनांची केबिन. आखणी माझी, पुठ्ठ्याचे साचे माझे, चामडं बेतलं मी, शिवलं मी. एका इंचात सात टाके, चौदाही खुर्च्यांना. सहा नाही, आठ नाही.

कुठल्या कॉलेजात शिकलो नाही. फाटलेल्या सीटा उसवून उसवून शिकलो.

आज केबिनचं रंगीत माहितीपत्रक छापून आलं. पान तीन, ‘अंतर्गत रचना’, खाली आमच्या मुख्य डिझायनर, त्या डिग्रीवाल्या बाईंचं नाव. फोटोत बाई माझ्या खुर्चीत बसल्यात. माझं नाव शोधलं. शेवटच्या पानावर सगळ्यात बारीक टाइपात: ‘आणि आमचे शिवणकामाचे मास्तर.’

नावसुद्धा नाही. मास्तर!

५ फेब्रुवारी, गुरुवार

मालकांना विचारलंच. चहा मागवला त्यांनी. चहा मागवला की समजावं, नाही म्हणणार आहेत.

“अहो मास्तर, तुम्ही म्हणजे घरचे. घरच्या माणसाचं नाव कोणी छापतं का?”

लग्नपत्रिकेत घरच्यांचीच तर नावं छापतात! पण हे सुचलं जिना उतरल्यावर. मला सगळं जिन्यातच सुचतं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

विमान ज्याने घेतलंय ते गिऱ्हाईक आणि त्याची बायको केबिन बघायला आले. मी मागच्या रांगेत गुडघ्यांवर बसून एक कड आवळत होतो. बाईसाहेबांनी आर्मरेस्टवर हात ठेवला तो ठेवलाच. “अगं बाई, किती मऊ! हात काढावासाच वाटत नाही. कोणी केलं हे?”

मालकांनी डिग्रीवाल्या बाईंकडे बोट केलं. बाई म्हणाल्या, “सगळ्यांचं काम आहे.” सगळ्यांचं! मी तीन फुटांवर होतो, सुई हातात.

बाईंना विचारायला हवं होतं, मऊ का लागतं ते सांगा. सांगता आलं नसतं. कंपनीचा मंजूर फोम म्हणजे पुठ्ठा. त्याच्यावर नुसतं चामडं ताणलं की हात पाटावर ठेवल्यासारखा वाटतो. म्हणून मी चामड्याखाली तीन मिलिमीटरचा मऊ फोम घातला. गाड्यांच्या सीटा करतात त्या दुकानातून आणला, माझ्या पैशांनी. आराखड्यात नाही, कोणाला सांगितलंही नाही. ही अक्कल आराखड्यात मावत नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

मेहुणा जेवायला. माहितीपत्रक त्याने उलटसुलट पाहिलं. “दाजी, एवढी विमानं सजवलीत, कधी बसलात का विमानात?”

“रोज बसतो,” मी म्हणालो. “जमिनीवरच्या.”

हसला. हीसुद्धा हसली. मग भांडी उचलताना म्हणते, “अहो, नाव काय चाटायचंय? पगार वेळेवर येतो ना?” तिला काय सांगू! पगार बसच्या सीटा शिवतानाही वेळेवर येत होता.

१० फेब्रुवारी, मंगळवार

पत्र लिहिलं. तीन पानं, एक प्रत मालकांना, एक बाईंना. प्रत्येक गोष्ट कोणी आणि कशी केली ते कलमवार. आर्मरेस्टला तर अर्धं पान दिलं: वर चामडं, त्याखाली तीन मिलिमीटर मऊ फोम (ही माझी स्वतःची योजना), त्याखाली मंजूर फोम, मग पत्रा. ‘या मऊपणाचं श्रेय सर्वस्वी माझं असून तशी नोंद व्हावी.’

अक्षर बरं आलं. दोनदा वाचलं. आता म्हणा मास्तर!

१२ फेब्रुवारी, गुरुवार

बाई माझ्या टेबलाशी आल्या, हातात पत्र. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आल्या. मला वाटलं, आली वठणीवर.

“काका, हा मधला थर खरंच आहे?”

काका! मी बावन्नचा, त्या चाळिशीच्या. “मग काय खोटं लिहीन?”

“किती आर्मरेस्टमध्ये?”

“अठ्ठावीस. माझं काम एकसारखं असतं.”

बाई स्टुलावर बसल्या. हळू आवाजात म्हणाल्या, “काका, जळणीच्या चाचणीला आपण जो तुकडा पाठवला तो आराखड्याप्रमाणे केलेला होता. त्यात हा थर नव्हता.”

मला माहीत आहे हा नियम. जे विमानात बसवायचं तेच, थराला थर, जाळून दाखवायचं. वीस वर्षं माहीत आहे. तरी फोम घालताना एकदाही डोक्यात आलं नाही. डोक्यात फक्त हात होता, त्यावर ठेवला जाणारा.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

तुकडा मीच कापून दिला, तयार आर्मरेस्टमधून. बाईंनी उभा टांगला. खाली ज्योत, बारा सेकंद. ज्योत काढली की पंधरा सेकंदांच्या आत विझलं पाहिजे. आराखड्याचा तुकडा चार सेकंदांत विझला होता.

माझा विझला नाही. पंधरा. वीस. तीस. पेटलेले थेंब खाली गळायला लागले, तेही खाली पडून जळत राहिले. धूर काळा, घशाला लागणारा. पन्नासला बाईंनी फवारा मारला.

एक शब्द टोचून बोलल्या असत्या तर मला त्यांचा राग तरी करता आला असता.

१४ फेब्रुवारी, शनिवार

हिला सगळं सांगितलं. “म्हणजे तुम्ही स्वतःच लिहून दिलंत? सहीनिशी? हात दाखवून अवलक्षण ते हेच!” आधी हसलीच. मग हसणं थांबलं.

“त्यात माणसं बसणार ना हो?”

“चौदा. आणि वैमानिक.”

 

१६ फेब्रुवारी, सोमवार

मालकांनी बोलावलं. चहा नाही. टेबलावर माझं पत्र.

“हे मला मिळालंच नाही असं समजू. दुसरं लिहा. श्रेय घ्या हवं तेवढं, तो थर तेवढा वगळा.”

“साहेब, तो पेटतो.”

“आग लागली तर पेटतो! आग कशाला लागेल? अठ्ठावीस आर्मरेस्ट उसवायचे, पुन्हा चाचणी, पुन्हा मंजुरी— चार महिने. गिऱ्हाईक थांबणार नाही. मग या कारखान्यातल्या दीडशे लोकांना काय तुम्ही पोसणार?”

मी विचारलं, बाई काय म्हणाल्या? त्यांनी सुपूर्दीच्या कागदावर सही करायला नकार दिला म्हणे. “त्यांना विश्रांतीची गरज आहे,” मालक म्हणाले.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

बाईंची खोली रिकामी. दारावरची पाटी काढलेली, स्क्रूची चार भोकं उघडी. घाईत काढली असणार, एका भोकाची कड उचकटलीय.

इथे खोटं लिहिण्यात अर्थ नाही. मला बरं वाटलं. अगदी जेवणाच्या सुट्टीपर्यंत बरं वाटत होतं. मग डबा उघडला आणि तसाच बंद केला.

दुपारी मालक स्वतः माझ्या टेबलाशी आले, खांद्यावर हात ठेवला, काही गोष्टी देऊ केल्या. शुक्रवारपर्यंत विचार करा म्हणाले. काय देऊ केलं ते इथे लिहीत नाही. लिहिलं की परत परत वाचत बसेन.

१८ फेब्रुवारी, बुधवार

हिला मात्र सांगितलं. ऐकून स्वयंपाकघरात गेली. नळ सुरू केला, बंद केला. परत दारात आली.

“नक्की किती म्हणाले?”

पुन्हा सांगितलं.

“मुलीचं पुढचं शिक्षण सगळं निघेल,” एवढंच म्हणाली. चूक काय बोलली? काहीच नाही.

बाईंना फोन केला. “माझी सही नाही म्हणून थांबणार नाहीत ते, दुसऱ्या कोणाची तरी घेतील,” म्हणाल्या. “पण आत काय घातलंय हे फक्त तुम्हीच सांगू शकता, काका. मी सांगितलं तर ते म्हणतील, नोकरी गेली म्हणून बोलते.” मला वाटलं होतं, रडतील, नाहीतर ओरडतील. विचारत होत्या, “जेवलात का?”

फोन ठेवल्यावर आठवलं, माहितीपत्रकाबद्दल विचारायचं राहिलं. मग वाटलं, कशाला.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

दिवसभर काम केलं. इंचाला सात टाके. दोनदा उसवावं लागलं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी मालकांकडे गेलो, तिथून सरळ विमान तपासणीच्या सरकारी कार्यालयात. पत्र दिलं: अठ्ठावीस आर्मरेस्ट, तीन मिलिमीटर, चूक माझी, सही माझी. पोच घेतली.

मालकांनी काय देऊ केलं होतं ते आता लिहायला हरकत नाही. बाईंची खोली, मुख्य डिझायनरचं पद, पाटीवर आणि छापील कागदांवर माझं पूर्ण नाव. आणि वर साठ लाख.

नाही म्हणालो.