पलीकडचे व्याही आणि तलवारीचा सिनेमा

३ जून, सकाळ

व्याही काल आले. मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, आधी उजवा डोळा, मग डावा. दोन्ही होईपर्यंत मुक्काम आपल्याकडे. लग्नानंतर पहिल्यांदाच राहायला आलेत. सूनबाईने चहा देतानाच बजावलं, बाबा, माझे आप्पा मनाला लावून घेतात, जरा जपून बोला. मी जपूनच बोलतो. लोकच माझं बोलणं जपून ऐकत नाहीत.

आजपासून कमी बोलायचं. आणि व्याहींची करमणूक करायची.

३ जून, संध्याकाळ

तलवारीचा सिनेमा लागलाय. पोस्टरवर घोडा आहे. दोन तिकिटं आणली. सिनेमा निवडण्यात माझा हात कोण धरणार? उभा जन्म थिएटरच्या दारावर गेला, बॅटरी मारून लोकांना खुर्च्या दाखवण्यात. हजारो सिनेमे पाहिले. सुरुवात एकाचीही नाही, कारण लोक उशिरा येतात. शेवटही नाही, कारण दारं उघडावी लागतात. पण मधलं सगळं तोंडपाठ.

४ जून, मॅटिनीहून आल्यावर

घात झाला. सिनेमात शत्रू कोण, तर नदीपलीकडचे! आणि आमचे व्याही नदीपलीकडचेच. पोस्टरवर नुसता घोडा. घोड्यावरून काय कळणार?

पहिल्यांदाच सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. पाहू नये. आपल्या बाजूचे सगळे आंघोळ करून आलेले. त्यांच्या बाजूचे सगळे काळ्या कपड्यांत, डोळ्यांत बोटभर काजळ, हातात मांसाची तंगडी. त्यांचा राजा राज्य कधी चालवतो कळत नाही. कोणी आत आलं की हसतो, बाहेर गेलं की हसतो. आपल्या बायका दारात उभ्या राहून डोळे पुसतात, त्यांच्या बायका नाचतात. त्यांच्यात एकाचंही पोट दुखत नाही, एकालाही मुलीच्या लग्नाची काळजी नाही. ऐन लढाईत आपला राजा भाषण सुरू करतो, तर त्यांचं अख्खं सैन्य तलवारी वर धरून ऐकत उभं! इतकी शिस्तीची माणसं वाईट कशी? बाणांचा नुसता पाऊस, आपला राजा उघड्या छातीने फिरतोय, खरचटलंसुद्धा नाही. फितूर माणूस पहिल्यापासून खांबाआड ओठ चावत उभा. मागच्या रांगेतल्या बाईला लगेच कळलं. राजाला शेवटी कळलं.

इंटरव्हलला व्याहींना कॉफी दिली तर कप घेताना नुसते चाचपडले. मनाला फारच लागलंय. माझं बीपी वाढलंय असं वाटतं.

५ जून, सकाळ

ठरलं. हा विषय घरात काढायचाच नाही.

५ जून, दुपार

विषय काढला. जेवताना सहज म्हटलं, व्याहीबुवा, सिनेमाचं मनावर घेऊ नका, पलीकडचे सगळेच काही तसे नसतात. व्याही म्हणाले, तसे म्हणजे कसे? मी म्हटलं, म्हणजे तंगडी ओरबाडणारे, दगाबाज वगैरे. तुम्ही तर पाव दुधात बुडवून खाता. व्याहींनी पाव बशीत ठेवला तो ठेवलाच. सूनबाईने माझ्या ताटात भाजी वाढली नाही, आपटली. चिरंजीव म्हणाले, बाबा, पाणी प्या. मला तहान नव्हती.

७ जून

माणसाचा गेलेला मान परत मिळवून द्यायला कोणीतरी पुढे व्हायला हवं. मी झालो. सकाळी जिन्यात जो भेटेल त्याला सांगितलं, आमचे व्याही पलीकडचे आहेत, पण माणूस देवासारखा. आतापर्यंत ते पलीकडचे आहेत हे इथे कोणालाच माहीत नव्हतं. आता सगळ्यांना माहीत आहे. चांगलं काम झालं.

दुपारी दोघं दाढीला गेलो. न्हावी वस्तरा थांबवून म्हणाला, काका, तुम्ही खरंच तिकडचे? वाटत नाही हो! मी म्हटलं, बघा व्याहीबुवा, लोक काय म्हणतात. ते अर्धी दाढी तशीच ठेवून उठले. तापट आहेत जरा. तिकडचं पाणीच तसं.

९ जून

नातीने शाळेतला विनोद सांगितला. व्याही मोठ्याने हसले. मी दचकलो, पण लगेच सावरून म्हटलं, तुमचं हसणं त्या राजासारखं मुळीच नाही हो. तेव्हापासून व्याही हसलेले नाहीत. ऑपरेशनचं टेन्शन असणार.

१० जून

सूनबाई स्वयंपाकघरात चिरंजीवांना म्हणत होती, आप्पा लॉजवर जाणार म्हणतात, ते गेले तर मीही जाणार. मी योगायोगाने दाराला कान लावून उभा होतो. आता रात्रभर झोप येणार नाही. सूनबाई गेली तर घरात कोण राहणार? मी आणि चिरंजीव. चिरंजीवांशी काय बोलायचं? ते तर फक्त पाणी प्या म्हणतात.

उद्या माफी मागायची. सिनेमाच्या वतीने.

११ जून

माफी मागितली. दिग्दर्शकाची चूक आहे, मी फक्त तिकिटं काढली, असं स्पष्ट सांगितलं. व्याहींनी चष्मा काढला आणि म्हणाले, व्याहीबुवा, मला मोतीबिंदू आहे. पडद्यावर नुसतं धुकं होतं. कोण आपलं, कोण परकं, काही कळलं नाही, सगळेच ओरडत होते. तुमचं मन मोडू नये म्हणून बसलो. तिथे आम्हाला दगाबाज म्हटलंय हे मला तुमच्याकडूनच कळलं. आणि त्यांनी वाईट म्हटलं असेल एकदाच, तुम्ही आठवडाभर चांगलं म्हणताय, ते जास्त बोचतं.

म्हणजे सिनेमाचा काहीच त्रास झाला नव्हता! किती हलकं वाटलं. उगाच घाबरलो. सूनबाई दारात उभी होती. म्हणाली, आप्पा, ऑपरेशनपुरतं राहा, माझ्यासाठी. व्याही बरं म्हणाले. माझ्या माफीचा गुण आला.

१२ जून

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन छान झालं. दवाखान्यात मी एक शब्द बोललो नाही. नर्सला फक्त पेशंट पलीकडचा असल्याचं सांगितलं, जेवणाचं काही वेगळं असेल तर कळावं म्हणून.

३० जून

व्याहींना आता लख्ख दिसतं. स्वतःच म्हणाले, चला, तो सिनेमा बघूच. सूनबाईलाही घेतलं. मी ठरवलंच होतं, तोंड उघडायचं नाही. तोंडात पेपरमिंट धरून बसलो.

आंघोळ केलेलं सैन्य आलं. व्याही सूनबाईला म्हणाले, हे एवढे स्वच्छ दिसतायत, हे आपलेच असणार. दोघं बापलेक हसली. आता माणसाचा असा गैरसमज होऊ द्यायचा का? पेपरमिंट गिळली आणि सांगितलं, नाही नाही व्याहीबुवा, तो काजळवाला, हातात तंगडी आहे तो, तो तुमचा. हॉलमध्ये जरा शांतताच होती, त्यामुळे लांबपर्यंत ऐकू गेलं. पुढच्या चार रांगांनी मागे वळून व्याहींना नीट बघून घेतलं.

त्यानंतर सिनेमाभर दोघंही हसली नाहीत.

१ जुलै

डावा डोळा तिकडेच करून घेतो म्हणाले. मी काळजीपोटी विचारलं, तिकडे डॉक्टर असतात का? सूनबाईने आपलीही बॅग भरायला घेतली.

२ जुलै, दुपार

गेले. सूनबाई आणि नातही गेली. नातीला शाळा आहे ना, तरी गेली. निघताना मी विचारलं, परत कधी येणार? सूनबाईने चपला घालता घालता सांगितलं, काय सांगू बाबा, आम्हा पलीकडच्यांच्या शब्दाचा काही भरवसा नसतो.

आता हेच मी म्हटलं असतं तर केवढं महाभारत झालं असतं!

चहा स्वतः केला. साखर सापडली नाही. चिरंजीवांना विचारलं, तर म्हणाले, पाणी प्या.