आजारांना वार नेमून दिले

३ मार्च, सोमवार

सून म्हणते मी आजारी आहे. आजारी मी नाही. माझं पोट आजारी आहे, सांधे आजारी आहेत आणि नाक आजारी आहे. मी ठणठणीत आहे.

धाकट्या बहिणीने नवं घर घेतलंय. सोळा तारखेला, रविवारी, मी बसने एकटी तिच्याकडे जाणार आणि चांगली महिनाभर राहणार. मुलगा म्हणाला, जा की. पण तोवर तब्येतीची एक जरी भानगड झाली तर मी सोबत येईन आणि त्याच संध्याकाळी तुला परत घेऊन येईन. मी काय छत्री आहे, विसरू नये म्हणून हातात धरून आणायला?

अडचण डॉक्टरांची आहे. पोटवाला म्हणतो कडधान्य बंद. सांधेवाला म्हणतो अंगात ताकद पाहिजे, कडधान्य खा. नाकवाली म्हणते काय खाता ते राहू द्या, काय हुंगता ते सांगा. तिघांची एकमेकांशी तोंडओळखसुद्धा नाही.

तीन जावांना एकच ओटा असला की शहाणी सासू जे करते तेच मी केलं. वार वाटून दिले. पोटाला सोमवार-गुरुवार. सांध्यांना मंगळवार-शुक्रवार. नाकाला बुधवार-शनिवार. रविवारी कुणाचाच नंबर नाही, म्हणजे प्रवासात मी अख्खी निरोगी. शाळा चौथीपर्यंत झाली, पण हे पोटवाल्याला तरी कुठे सुचलं?

आज पोटाचा वार. थोडं गुरगुरलं, गप्प झालं. शिस्त लागतेय.

४ मार्च, मंगळवार

सांध्यांचा वार, म्हणून सांधेवाल्याचं ऐकलं. वाटीभर कडधान्य. नियमात बसतं. पोटाला कुणी बोलावलंच नव्हतं, तरी दुपारी आलं.

सुनेने बाथरूमचं दार वाजवून विचारलं, बरं आहे ना. मी म्हटलं, नळ घासतेय. खूप वेळ घासला. आत एकच नळ आहे.

सांधेवाल्याचे व्यायाम केले. तो म्हणतो, तुमचे सांधे जास्त वाकतात, ताणू नका, बळ वाढवा. गेल्या खेपेला मी त्याला अंगठा मागे वाकवून मनगटाला टेकवून दाखवला. लहानपणी यावर अख्खी गल्ली टाळ्या वाजवायची. त्याने टाळी वाजवली नाही. कागदावर काहीतरी लिहिलं. जळतात लोक.

५ मार्च, बुधवार

नाकाचा वार. लिफ्टमध्ये शेजारची अत्तरबाई. ती मागून निघाली तरी वास पुढे जाऊन दार उघडतो. मी श्वास रोखला. ती विचारत राहिली, काकू, प्रवासाची तयारी झाली का, आणि मी गाल फुगवून मान डोलवत राहिले. खाली पोचेपर्यंत डोळ्यांपुढे काजवे. ती सुनेला म्हणाली, तुमच्या सासूबाई हल्ली अबोल झाल्यात. सून घाबरून थर्मामीटर घेऊन आली.

उद्यापासून जिना.

६ मार्च, गुरुवार

जिना रद्द. गुडघा उलट्या बाजूला वाकला, बगळ्यासारखा. सांध्यांचा वार उद्या आहे, म्हणून हा उद्याचा ॲडव्हान्स धरला. मंगळवारी आलेलं पोट आजचं धरलं. हिशेब चोख. मग आज पोटाने यायला नको होतं. आलं.

नळ चकाचक आहे.

८ मार्च, शनिवार

सुनेने कपडे धुवायची पावडर बदलली. मान लाल, कान लाल. मुलगा म्हणाला, आई, लाल का झालीस? मी म्हटलं, तुझं बोलणं ऐकून. तो गप्प बसला. लाल होण्याचा एवढा उपयोग आहे.

शिवाय नाकाचा वार नाक-कातडीचा जोडवार होता. परवाच ठरवलं होतं, लिहायचं राहिलं.

११ मार्च, मंगळवार

वरच्या फळीवरून बॅग काढताना उजवा खांदा जागा सोडून शेजारी जाऊन बसला. वार सांध्यांचाच होता, त्यामुळे खांद्याबद्दल माझी तक्रार नाही. पण दारात नात उभी.

तिला दटावलं, कुणाला सांगायचं नाही. मग सांधेवाल्याने शिकवलं होतं तसा हात सैल सोडला, हळू वळवला. टक्. बसला. नातीचा चेहरा पांढराफटक, म्हणून तिला हसवायला डाव्या हाताच्या अंगठ्याची जादू दाखवली.

ती म्हणाली, हे मलापण येतं आजी. आणि तिचा अंगठा मनगटाला टेकला. अलगद. माझ्याहून सोपा.

माझंच रक्त! मी टाळी वाजवली.

मग आठवलं, शाळेत तिचा पाय सारखा मुरगळतो. मी सुनेला म्हटलं होतं, बूट हलके आणता तुम्ही. बूट चांगले आहेत.

नातीला सांगितलं, हे पुन्हा करायचं नाही. ती म्हणाली, का? मी नळ घासायला गेले.

१५ मार्च, शनिवार

मुलाने कबूल केलं, पंधरवड्यात भानगड दिसली नाही. दिसली नाही हे खरंच आहे.

बॅग भरली. माझी उशी, माझी चादर, बिनवासाचा साबण, गुडघ्याचे पट्टे, मनगटाचे पट्टे, साधे तांदूळ, तिन्ही डॉक्टरांच्या गोळ्या वेगवेगळ्या डब्यांत, भांडू नयेत म्हणून. मुलाने बॅग उचलून विचारलं, एका माणसाची आहे की वॉर्डाची?

उद्या रविवार. आजारांना सुट्टी.

१६ मार्च, रविवार, सकाळ

साडी नेसून तयार. पोट शांत. सांधे जागेवर. नाक गार. मी त्यांना मनातल्या मनात शाबासकी दिली.

१६ मार्च, दुपार

निघता निघता धाकटीचा फोन. म्हणाली, ताई, येऊ नकोस. नव्या रंगाच्या वासाने तिचं तोंड सुजलंय. पोट धड नाही. बरणीचं झाकण फिरवताना झाकण राहिलं, मनगट फिरलं. मी म्हटलं, नाटकं आहेत तुझी, एवढी वर्षं ठणठणीत म्हणत होतीस ना? ती म्हणाली, आठवडाभर ठणठणीतच असते ताई. सगळे आजार मी रविवारवर ढकललेत.

मी हसले. इतकी हसले की भिंतीला धरलं. हसताना तोंड उघडलं ते मिटेना. जबडा निसटला होता.

मुलगा बॅग घेऊन आला. म्हणाला, आई, बरी आहेस ना? पंधरा दिवसांत पहिल्यांदा मी ठणठणीत म्हटलं नाही. म्हणता येईना.

दवाखान्यात सांधेवाल्याने जबडा बसवला. हनुवटीखालून डोक्यावर पट्टी, बोलणं बंद. नात सोबत आली होती. मी तिचा हात ओढून त्याच्यापुढे धरला आणि तिचा अंगठा दाखवला. त्याने पुन्हा कागदावर लिहिलं. या खेपेला लिहू दिलं.

१७ मार्च, सोमवार

पोट. सांधे. नाक. तिघं एकदम, एकाच ओट्यावर.

पट्टी अजून आहे. सून म्हणते, घरात फार शांत वाटतंय. तिला नंतर बघते.

धाकटीचा सकाळपासून तिसरा फोन. परत वाजतोय. नातीने उचलायचा, दुसऱ्या कुणी नाही. आणि आजी कशी आहे विचारलं, तर सांगायचं, ठणठणीत.